दहीभात संपेपर्यंत

अप्पा दहीभात फार सावकाश खायचे. त्यांच्या या सवयीवर चार माणसांचा जीव अवलंबून होता, हे मला अठराव्या वर्षी ठाऊक होतं, पण कळलेलं नव्हतं. ठाऊक असणं आणि कळणं यांत फरक असतो, हे आता वर्गातल्या मुलींना शिकवताना मी मोठ्या तोऱ्यात सांगते. त्या वह्यांत उतरवून घेतात. उतरवा बाई, मला तो धडा कसा मिळाला ते तुम्हाला सांगत बसत नाही.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत राहायचो. अंगणात विहीर, विहिरीवर कढीलिंबाचं झाड, आणि स्वयंपाकघरात आईचा दगडी रगडा, जो पहाटे पाचाला घरघरायला लागला की गल्लीतल्या कुणालाच झोप लागायची नाही. घरात मराठी, दारात तमिळ, शाळेत इंग्रजी. वडिलांना अप्पा, आईला आईच. देवनागरी मला येत नव्हती. ती मी लग्न होऊन पुण्याला आल्यावर, मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकले. आमची बोली ऐकून पुण्यातले लोक गालात हसतात. ‘कशाला’ला आम्ही ‘कसाला’ म्हणतो, त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे देव जाणे. म्हणून इथं घरातली बोलणी जरा सरळ करून लिहिते आहे. सेल्वराजची आणि कमलमची बोलणी तर सगळी तमिळच, ती माझ्या मराठीत.

अप्पांचं काम मोठमोठ्या केबल तपासण्याचं. मद्रासच्या एका कंत्राटदार कंपनीत ते होते. त्या वर्षांत नवे कारखाने पटापट उभे राहात होते, जो तो परवाना मिळाला म्हणून पेढे वाटत होता, आणि प्रत्येकाला वीज कालच हवी होती. जमिनीत केबल पुरून झाली की तिच्यात वीज सोडायच्या आधी अप्पा जायचे. केबल म्हणजे दोरी नव्हे, भांडं आहे, असं ते म्हणायचे. त्यात हजारो व्होल्टचा दाब भरायचा, पंधरा मिनिटं धरून ठेवायचा, आणि दर मिनिटाला किती गळतं ते मीटरवर बघून लिहायचं. गळती कमी कमी होत गेली तर केबल चांगली, वाढत गेली तर कुठंतरी दुखणं आहे. दाब भरणाऱ्या पेटीचा बारीक गुंईऽऽ असा आवाज सुरू झाला की कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. मग शेवटी लांब काठीनं केबलचं टोक जमिनीला जोडायचं. फट्ट असा आवाज होऊन भरलेलं सगळं जमिनीत जायचं.

पण सगळं जात नाही, हीच तर मेख. अप्पांनी मला हे आमच्या ओट्यावरच्या मडक्यावरून समजावलं होतं. मडकं उपडं करून ठेव, म्हणाले, आतून कोरडं पूस, आणि थोड्या वेळानं हात लाव. भिंतीत मुरलेलं पाणी परत बाहेर येतं की नाही? केबलच्या आवरणातही वीज अशीच मुरते. रिकामी केली म्हणून सोडून दिलीत तर पाच-दहा मिनिटांत तिच्या अंगात परत दाब चढतो. म्हणून काठीनं रिकामी केल्यावर अर्थिंगचा चिमटा लावायचा आणि निदान अर्धा तास तो काढायचा नाही. त्या अर्ध्या तासात करायचं काय? तर अप्पा जेवायचे.

आता ही पद्धत नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. टेस्टिंगच्या वेळी अप्पा घड्याळ काढून पेटीत ठेवायचे. चिमटा लावला की ते व्हॅनच्या मागच्या बाजूला जायचे, चटई टाकायचे आणि तूक्कु उघडायचे. तूक्कु म्हणजे आमच्याकडचा कडीचा डबा. खाली सांबारभात, वर दहीभात, झाकणात ताकातल्या मिरच्या आणि नार्तंगायचं, म्हणजे लिंबाच्या जातीच्या एका मोठ्या फळाचं, लोणचं. लोकांसमोर जेवायचं नाही, कुणाची नजर पडू द्यायची नाही, ही आमच्या घराची जुनी खोड. सोवळं म्हणा, शिष्टपणा म्हणा. मी आता त्याला शिष्टपणाच म्हणते. व्हॅनच्या आडोशाला ते एकेक घास बत्तीस वेळा चावत बसायचे. मग बाहेर येऊन, सगळ्यांना दिसेल असे, सोंबुतल्या, म्हणजे तांब्यातल्या, पाण्यानं हात धुवायचे, चूळ भरायचे. ते हात धुणं ही खूण. “ऐया कै कळुवियाच्चु,” साहेबांनी हात धुतले, असं कुणीतरी ओरडायचं आणि मग चिमटा निघायचा, पुढचं काम सुरू व्हायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कंपनीच्या कागदावर ‘तीस मिनिटे’ असं छापलेलं होतं. पण साइटवर कागद कोण बघतो? बारा वर्षं ती माणसं अप्पांच्या जेवणावर चालली आणि कुणाला साधा चटका बसला नाही.

सेल्वराज हा त्यांचा जॉइंटर, म्हणजे केबलची टोकं बांधून देणारा कारागीर. काळाकभिन्न, बुटका, पुढचा एक दात अर्धा. मला ‘पाप्पा’ म्हणायचा, मी अठरा वर्षांची घोडी झाले तरी. बारावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत घरी बसले होते, आणि त्या उन्हाळ्यात काम गावाजवळच, पापनाशमच्या रस्त्यावरच्या एका नव्या सूतगिरणीत चाललं होतं. त्यामुळे दुपारचा डबा मीच पोचवायचे. सेल्वराज माझ्यासाठी शर्टच्या खिशात सुकी बोरं ठेवायचा आणि विचारायचा, “पाप्पा, आज दहीभात किती आणलास? थोडा आणलास तर माझं मरण लवकर येईल हो.” सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे. मी म्हणायचे, “आज डोंगराएवढा आणलाय अण्णा, तुम्ही झोप काढून घ्या.” हा विनोद आम्ही रोज करत होतो.

त्या दिवशी माझ्या आजीचं, अप्पांच्या आईचं, श्राद्ध होतं. एरवी अप्पा रजा घ्यायचे. पण दुसऱ्या दिवशी गिरणीत वीज सोडायची होती, मोठी माणसं येणार होती, आणि मद्रासहून निरोपावर निरोप. आई चिडली. “तुमची आई वर्षातून एकदा येते जेवायला, तिला सांगा थांब म्हणून, गिरणीवाल्यांना सांगू नका,” म्हणाली. अप्पा म्हणाले, सकाळी सातला सुरू करतो, अकराला घरी. नुसती कॉफी घेऊन ते गेले. डबा अर्थातच नव्हता. श्राद्ध झाल्याशिवाय ते काही खाणार नव्हते.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, ओटीवर पंचा हलवत बसले होते, आणखी दोन ठिकाणी जायचंय म्हणून दर पाच मिनिटांनी सांगत होते. स्वयंपाकघरात वड्यांचा, तिळाचा, कच्च्या केळ्याच्या भाजीचा वास भरलेला. आईचा जीव टांगणीला लागलेला. शेवटी तिनं मला शेजारच्या शकू मामींची मोपेड मागून आणायला लावली. मामींची मोपेड नवी कोरी, सीटवर अजून प्लास्टिक होतं. द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. “डाग पाडू नकोस हं,” असं त्यांनी तीनदा बजावलं. हे डागाचं मी मुद्दाम लिहिते आहे.

मी पोचले तेव्हा टेस्ट नुकतीच संपली होती. रात्री वळवाची सर आली होती, केबलच्या टोकावरची ओल पुसण्यातच दीड तास गेला, असं अप्पा म्हणाले. केबल पास झाली होती. अप्पांनी स्वतः काठीनं ती रिकामी केली, चिमटा लावला आणि व्हॅनच्या मागे आले. कागद गोळा केले, घड्याळ मनगटावर चढवलं. सेल्वराज त्या वेळी पलीकडे, दोन खांबांच्या मांडणीवर माणसाच्या दुप्पट उंचीवर चढून बसला होता. केबलची टोकं तिथंच होती. “चल, निघू या,” अप्पा म्हणाले, “जाता जाता यांना सांगतो, अर्धा तास हात लावू नका म्हणून.” हे शब्द त्यांनी मला सांगितले. कामावरच्या माणसांना सांगायचे राहिले होते.

त्यांचे हात कोपरापर्यंत काळे, ग्रीसनं माखलेले. मी म्हटलं, “अप्पा, हात धुवा आधी. मामींची सीट खराब होईल.”

“घरी जाऊन विहिरीवर आंघोळ करायचीच आहे की.”

“मामी मला खातील. धुवा, मी पाणी घालते.”

व्हॅनमधला सोंबु मीच काढला. अप्पा नेहमीच्या जागी, व्हॅनच्या बाहेर, उजेडात येऊन वाकले. मी पाणी घातलं. त्यांनी साबण लावून हात चोळले, पुन्हा मी पाणी घातलं, त्यांनी तोंडावर मारलं, उपाशी तोंड कोरडं पडलं होतं म्हणून चूळ भरली. मी सहज वर बघितलं. सेल्वराज खांबावरून आमच्याकडेच बघत होता. त्यानं हात वर केला. मीही सोंबु धरलेला हात वर केला. मला वाटलं, रोजच्यासारखी ओळख देतोय. त्यानं रोजच्यासारखंच केलं होतं, साहेबांनी हात धुतलेले बघितले होते.

अप्पांनी रबराचे बूट काढून चपला घातल्या. मोपेड चालू होईना, मी पायडल मारत राहिले. एवढ्यात चार-पाच मिनिटं गेली असतील. मग ती चालू झाली, अप्पा मागे बसले, आणि गिरणीच्या त्या बाजूला वळून सेल्वराजला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. हाक बाहेर पडलीच नाही. वर फटाका फुटावा तसा एकच आवाज झाला, काठीच्या फट्टइतका मोठाही नाही, आणि सेल्वराज पाठीवर खाली आला. खाली सिमेंटचा कट्टा होता. त्याचा आवाज मी लिहिणार नाही. काढलेला चिमटा त्यानं खांबाच्या आडव्या लोखंडाला नीट टांगून ठेवलेला होता, अगदी अप्पांनी शिकवलं होतं तसा.

अप्पा धावले ते चपला तिथंच टाकून. मी मोपेडचं हँडल धरून उभी होते. मला सोडताच येईना. सोडलं तर पडेल, मामींची आहे, असंच डोक्यात. इतकं मूर्ख डोकं असतं माणसाचं. त्याच्या खिशातली बोरं कट्ट्यावर सांडली होती. गिरणीच्या जीपमधून त्याला नेलं, पण इस्पितळातल्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. अप्पा संध्याकाळी चारला घरी आले, शर्टाच्या पुढच्या भागावर रक्त वाळलेलं. वाध्यार केव्हाच निघून गेले होते. केळीची पानं मांडलेली तशीच होती, वडे गार, खिरीवर साय धरलेली. आई त्यांना आंघोळीचं पाणी देत काहीतरी म्हणाली, तर ते विहिरीच्या कडेला बसून हुंदके देऊन रडायला लागले. अप्पांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. अन्न आईनं गाईंना घातलं. आजी त्या वर्षी उपाशी गेली.

चार दिवसांनी मद्रासहून दोघं चौकशीला आले. त्यांनी विचारलं, चिमटा काढायला तुम्ही सांगितलं होतं का? अप्पा म्हणाले, नाही. ते खरं होतं. सेफ्टीचा पट्टा अडकवला होता का? नव्हता, तेही खरं. जेवणाचं कुणी विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही. बाकीची माणसं रोजंदारीची, त्यांच्या तोंडाला कुलूप. कागदावर लिहिलं गेलं की जॉइंटरनं परवानगीशिवाय अर्थिंग काढलं, चूक त्याची स्वतःची. मग नेहमी होतं तेच झालं. त्याच्या वस्तीत लोक म्हणायला लागले की प्यायला असेल, सकाळीच प्यायला असेल, नाहीतर एवढा मुरलेला कारागीर असं करेल कसाला? अप्पांनी सही केली. त्या दिवसापासून ते घरात कुणाशी बोलेनासे झाले, आणि मीही बोलले नाही. आईला सोंबुचं माहीत नव्हतं. मला वाटायचं, अप्पांना आठवत नसेल. अप्पांना वाटत असेल, मला समजलं नसेल. एका पंगतीला बसून आम्ही दोघं ताटात बघत जेवायचो.

सोळाव्या दिवसाचं कार्य झाल्यावर सेल्वराजची बायको आमच्या घरी आली. कमलम तिचं नाव. दीर बाहेर रस्त्यावर सायकल धरून उभा राहिला, ती एकटी आत आली आणि ओटीवर खांबाला टेकून बसली. आईनं कॉफी दिली, ती तिनं बाजूला ठेवली. रडली नाही. म्हणाली, “ऐया, मी काही मागायला आले नाही. एकच विचारायचंय. बारा वर्षं रात्री जेवताना ते मला सांगायचे, साहेबांनी हात धुतल्याशिवाय मी तारेला शिवत नाही, तू घोर करू नकोस. माझ्या पोरींची शपथ घेऊन सांगायचे. आता लोक म्हणतात, दारू प्यायले होते. पोरींना शाळेत म्हणतात. मला तेवढं सांगा. त्या दिवशी तुम्ही हात धुतले होते का?”

रगड्याचा आवाज थांबला होता, आई दारात उभी होती. अप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं. म्हणाले, “त्या दिवशी मी जेवलोच नव्हतो अम्मा. माझ्या आईचं श्राद्ध होतं.”

खोटं नव्हतं त्यात काहीच. कमलमनं मान खाली घातली. जेवले नाहीत म्हणजे हातही धुतले नाहीत, हे तिला पटलं, आणि त्या पटण्यानं ती माझ्यासमोर अशी लहान झाली की माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “धुतले होते. अक्का, हात धुतले होते अप्पांनी. मीच धुवायला लावले. पाणी मी घातलं. अण्णांनी वरून बघितलं, हात केला मला.” मोपेडचं सांगितलं, प्लास्टिकच्या सीटचं सांगितलं. आई “अगंऽ” एवढंच म्हणाली.

कमलमनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल, मारायला हवं होतं. पण ती अप्पांकडे वळली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांचं चुकलं नाही.”

अप्पा म्हणाले, “नाही. माझं चुकलं.”

“हे तुम्ही लोकांना सांगा,” म्हणाली, पदर खोचून उठली आणि गेली. कॉफी तशीच होती, वर साय धरलेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं अप्पा मद्रासला गेले आणि सगळं लिहून दिलं, दहीभातापासून. कंपनीनं त्यांना काढलं. गिरणीनं कमलमला उपाहारगृहात कामाला घेतलं. अप्पा तिच्या वस्तीतही जाऊन आले, तिथल्या चहाच्या दुकानासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं म्हणे, की तो प्यायला नव्हता, तो माझ्याकडे बघून चालला होता. पुढं ते घरीच शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करायला लागले. दहीभात खाणं त्यांनी सोडलं. जेवायला बसले तर भराभर, चार घासांत उरकायचे. आणि पुढं नेहमी दारातल्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत जेवायचे. शेजारचे नाक मुरडायचे, आई मुकाट वाढायची.

मला ते एकदाही वाईट बोलले नाहीत. पण माझ्या हातचं पाणी त्यांनी त्यानंतर घेतलं नाही. मी तांब्या पुढं केला की म्हणायचे, ठेव, घेतो मी. हात धुताना मी जवळ गेले तर मागं सरायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, मी खरं बोलले म्हणून राग आहे ना तुमचा? ते म्हणाले, “राग कसाला बाळ? तू बोललीस म्हणून मी माणसात राहिलो. पण तुझ्या हातातून पाणी पडताना दिसलं ना, की मला तो वर दिसतो.” मग आम्ही दोघंही रडलो, आणि तरीही पाणी त्यांनी स्वतःच घेतलं. माझ्या घरी अजून पाहुणे हात धुवायला उठले की माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. नवरा म्हणतो, लोकांना वाटेल, ही आपल्याला हाकलते आहे. वाटू दे.

अप्पा गेले तेव्हा मी रात्रभराचा प्रवास करून पोचले. त्यांना ओटीवर निजवलेलं होतं. गर्दीत मागे एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती, ती कमलम होती. वाध्यार म्हणाले, मुलीनं तोंडात पाणी घालावं. आईनं तांब्या माझ्या हातात दिला. मी तुळशीच्या पानानं पाणी घातलं, थोडं आत गेलं, बाकीचं गालावरून मानेवर ओघळलं. नको म्हणायला ते नव्हते.